ड्रॅगन, मावळा आणि बंद फाटक

‘सायंकालीन शहरदर्शन’ हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम सहलीच्या पत्रकात छापला, त्याला शहर ठाऊक नसावे आणि दर्शन तर मुळीच ठाऊक नसावे. दर्शन म्हणजे काय हे आषाढीला पंढरपूरच्या बारीत उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा. तो रात्रभर पायांवर उभा असतो, आत गेल्यावर त्याला जेमतेम एक क्षण मिळतो, मागचा ढकलतो, पुढचा हलत नाही, आणि तरीही बाहेर येऊन तो सांगतो, “झालं बुवा दर्शन!” त्या माणसाने काहीतरी पाहिलेले असते. सहलीच्या दर्शनात नेमके उलटे. तुम्ही थंडगार बसमध्ये चार तास बसलेले असता, खिडकीबाहेरून शहर चाललेले असते, आणि दर्शन कोणी घेतलेच असेल तर ते शहराने तुमचे.

हा राग एकदम आलेला नाही. तो दानांगहून आणलेला आहे.

हल्ली व्हिएतनामला जाऊन न आलेला माणूस आमच्या सोसायटीत औषधालाही सापडत नाही. पूर्वी लोक ‘यंदा माथेरान’ म्हणत तितक्या सहजपणे आता ‘यंदा व्हिएतनाम’ म्हणतात. त्यात पैशाचाही मोह आहे. एका रुपयाला तिथले जवळजवळ तीनशे डोंग मिळतात. त्यामुळे आयुष्यभर पोस्टात खाते ठेवलेला मनुष्य विमानतळावर उतरल्याउतरल्या लक्षाधीश होतो आणि बाहेर येऊन तीस हजारांची कॉफी पितो. कॉफी उत्तम असते. पत्र्याच्या चिमुकल्या गाळणीतून ती थेंब थेंब पडते आणि खाली ग्लासात आटवलेले गोड दूध तिची वाट बघत असते. त्या थेंबांकडे पाहत बसणे हे दानांगमधले माझ्या मते पहिल्या प्रतीचे प्रेक्षणीय स्थळ. पत्रकात ते नव्हते.

पत्रकात काय होते ते सांगतो. गुलाबी चर्च (बाहेरून). प्रेमाचा पूल. ड्रॅगन होऊ घातलेला मासा. नदीतून बोटीची फेरी. आकाशपाळणा (बसमधून). रात्री नऊ वाजता ड्रॅगन पुलावर आग व पाणी. नंतर भारतीय भोजन. हे कंस फार महत्त्वाचे असतात, बरं का! ‘बाहेरून’ आणि ‘बसमधून’ या दोन शब्दांवर जगातला निम्मा पर्यटनधंदा उभा आहे.

संध्याकाळी सहाला आम्ही अठ्ठावीस जण बसमध्ये चढलो. पुढे आमचा टूर मॅनेजर, डोंबिवलीचा एक तरतरीत मुलगा, आणि त्याच्या शेजारी स्थानिक गाईड, पंचविशीची एक मुलगी. ती इंग्रजी बोलायची, तो त्याचे मराठी करायचा. ती तीन मिनिटे बोलली की तो म्हणायचा, “म्हणजे थोडक्यात, फोटोसाठी दहा मिनिटं.”

चर्चपाशी खरोखरच दहा मिनिटे मिळाली. १९२३ साली फ्रेंचांनी बांधलेले हे चर्च, स्ट्रॉबेरी आइस्क्रीमच्या रंगाचे. शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा आहे, म्हणून गावकरी त्याला सरळ ‘कोंबड्याचं चर्च’ म्हणतात. मला हा लोकांचा सरळपणा आवडला. आमच्यातल्या बहुतेकांनी कोंबडा पाहिला नाही, कारण फोटोत पाय कापले जात होते म्हणून सगळे कॅमेरे खाली झुकले होते.

प्रेमाच्या पुलावर लाल हृदयाच्या आकाराचे दिवे आहेत आणि कठड्याला प्रेमिकांनी लावलेली कुलपे. नागपूरच्या एक मावशी बराच वेळ त्या कुलपांकडे बघत होत्या. मग त्यांनी टूर मॅनेजरला विचारले, “अरे, पण किल्ली कोणाकडं राहते?” संपूर्ण दौऱ्यात विचारला गेलेला हा सर्वांत मूलगामी प्रश्न. त्याचे उत्तर पत्रकात नव्हते, तेव्हा आम्ही माशाकडे वळलो. हा मासा तोंडातून पाण्याचा फवारा सोडतो. प्रवाहाविरुद्ध उडी मारून दरवाजा ओलांडणारा मासा ड्रॅगन होतो अशी जुनी कथा आहे. म्हणजे आपल्याकडचा शिकवणीचा मुलगा परीक्षा ओलांडून इंजिनियर होतो तसे. इथे पुन्हा दहा मिनिटे.

आणि मग ड्रॅगन. आता खरे सांगायचे तर ड्रॅगन झकास आहे. ६६६ मीटर लांबीचा पूल, त्याच्या पाठीवरून सोनेरी पोलादी ड्रॅगन लाटा मारत समुद्राच्या दिशेने चाललेला, अंगावर रंग बदलणारे दिवे. शनिवार-रविवारी रात्री नऊ वाजता पुलावरची वाहतूक थांबवतात, आणि हा प्राणी आधी आग ओकतो व नंतर पाण्याचे लोट सोडतो. आधी आग लावायची आणि मग आपणच पाणी मारायचे, ही कला पाहून आमच्यातल्या दोघातिघांना आपापल्या मतदारसंघाची आठवण झाली. पुढे उभे राहणारे चिंब भिजतात. पोरे किंचाळतात, म्हातारे हसतात, स्कूटरवर बसून तीन तीन जण बघत असतात. गावचे लोकही आवडीने येतात. तेव्हा माझे भांडण ड्रॅगनशी नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

माझे भांडण आहे ते ड्रॅगन सुटण्याआधीच्या वीस मिनिटांशी.

बस नदीच्या पूर्व काठावर उभी होती. नऊला अवकाश होता. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्यात होते. सज्जन, मदतीला तत्पर, सगळ्यांसाठी चकल्यांचा डबा घेऊन फिरणारे. ते उठले, पुढे गेले आणि गाईडला म्हणाले, “मॅडम, तुम्ही अमेरिकेला हरवलंत ते आमच्या शिवाजी महाराजांची युद्धनीती वाचून. त्यांच्याविषयी दोन शब्द सांगा.”

मुलीने नम्रपणे विचारले, “कोण?”

बसमध्ये शांतता पसरली. काकांनी मोबाइल काढला. तुमच्याही मोबाइलवर तो मजकूर आला असेल, निदान तीनदा. त्यात व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष म्हणतात की आम्ही एका हिंदू राजाचे चरित्र वाचून अमेरिकेला लोळवले. मग त्यांच्या कोणी मंत्रीणबाई रायगडावर येऊन माती कपाळाला लावतात. आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर म्हणे कोरलेले असते, की इथे महाराजांचा एक मावळा विसावला आहे. मजकुराखाली ‘अभिमान वाटला तर पुढे पाठवा’ अशी आज्ञा. अभिमान न वाटून सांगतो कोणाला?

आता हे नीट बोलले पाहिजे, कारण या विषयावर हळू बोलले की लोक भित्रा म्हणतात आणि मोठ्याने बोलले की काहीही म्हणतात. हो ची मिन्ह १९६९ साली वारले. आपले दहन करावे अशी त्यांची इच्छा होती. ती बाजूला ठेवून त्यांचा देह हनोईत काचेच्या पेटीत जतन केला आहे. त्या वास्तूच्या दर्शनी भागावर त्यांचे पद आणि नाव कोरलेले आहे. मावळा नाही. हा मजकूर ज्याने रचला तो कधी हनोईला गेला नाही, आणि ज्यांनी पुढे पाठवला ते हनोईला गेले तेव्हा खरेदीत होते.

पण मला चीड येते ती त्या खोटेपणाची कमी आणि त्यामागच्या केविलवाणेपणाची जास्त. अहो, साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने आदिलशाही आणि मोगल यांच्या नाकावर टिच्चून राज्य उभे केले, त्याला हनोईचा दाखला कशाला हवा? महाराज मोठे आहेत म्हणून सांगायला आपल्याला परदेशी साक्षीदार लागतो, आणि खरा मिळाला नाही की आपण बनावट उभा करतो! कोर्टात याला काय म्हणतात ते काकांना बँकेच्या नोकरीमुळे चांगले माहीत असणार.

आणि दुसऱ्या बाजूने पाहा. आमची बस ज्या रस्त्यावर उभी होती त्याची पाटी माझ्या खिडकीसमोरच होती: त्रान हुंग दाओ. नदीच्या पलीकडच्या काठच्या रस्त्याचे नाव बाक दांग. मी त्या मुलीला विचारले, “हे त्रान हुंग दाओ कोण?” तिचा चेहरा एकदम उजळला. तासाभरात पहिल्यांदा ती पत्रक सोडून बोलायला लागली. तेराव्या शतकातला हा सेनापती. ज्या मंगोलांपुढे निम्मे जग आडवे झाले, त्यांनी या चिमुकल्या देशावर तीनदा स्वारी केली आणि तिन्ही वेळा त्यांना परत जावे लागले. शेवटच्या खेपेला, १२८८ साली, बाक दांग नदीच्या तळात याने टोकदार खांब रोवून ठेवले. भरतीच्या वेळी शत्रूच्या गलबतांना हुलकावण्या देत आत ओढले. ओहोटी लागली, पाणी उतरले, आणि गलबते त्या खांबांवर अडकली. बरे, हीच युक्ती त्याच नदीत ९३८ साली न्गो क्वेन नावाच्या सेनानीने चिनी आरमारावर केली होती. म्हणजे गनिमी कावा शिकायला या लोकांना पुस्तक मागवावे लागले नाही. तो त्यांच्या घरी महाराजांच्याही आधी कित्येक शतके मुरलेला होता.

आणि आम्ही ज्या हॉटेलातून निघालो ते मी खे समुद्रकिनाऱ्यावर, त्या किनाऱ्याच्या रस्त्याचे नाव व्हो न्युएन जाप. हा इतिहासाचा मास्तर! शाळेत इतिहास शिकवणाऱ्या या गृहस्थाने १९५४ साली दिएन बिएन फूला फ्रेंचांचा निकाल लावला. इतिहासाच्या मास्तराने साम्राज्य बुडवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. आपल्याकडे इतिहासाचे मास्तर फार तर तास बुडवतात. सांगायचे एवढेच की त्या शहराने आपला सगळा पराक्रम रस्त्यारस्त्यावर पाट्या लावून मांडून ठेवला आहे. फुकट. आम्ही त्या पाट्यांखालून आपल्या खोट्या मावळ्याचा शोध घेत चाललो होतो.

ती मुलगी ओहोटीपर्यंत आली आणि टूर मॅनेजरने घड्याळ दाखवले. “चला चला, ड्रॅगन सुटायची वेळ झाली!” मंगोल तसेच खांबांवर लटकत राहिले.

आता यावर कोणी म्हणेल, सुट्टीत माणूस डोके बाजूला ठेवायला जातो, तुमचा इतिहास कशाला? मान्य. पण मग ड्रॅगनही का बघता? त्या ड्रॅगनलाही इतिहासच आहे. हा पूल खुला झाला तो २९ मार्च २०१३ रोजी. तारीख उगाच धरलेली नाही. १८५८ साली फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराने व्हिएतनामवर पहिला हल्ला केला तो याच बंदरावर. ८ मार्च १९६५ रोजी अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले ते याच किनाऱ्यावर. इथला विमानतळ म्हणजे अमेरिकेचा मोठा हवाई तळ. आणि २९ मार्च १९७५ रोजी हे शहर उत्तरेच्या फौजांच्या हाती आले. शहर सोडून जाण्यासाठी विमानांना आणि बोटींना लोंबकळणाऱ्या लोकांचे हाल त्या वेळी सगळ्या जगाने फोटोंत पाहिले. त्याच तारखेला अडतीस वर्षांनी या शहराने आग ओकणारा पूल बांधून खुला केला, आणि ती आग कोणाच्या घरावर पडत नाही. शनिवारी पोरे ती बघून टाळ्या वाजवतात. हे ठाऊक असेल तर त्या आगीकडे बघताना घशाशी काहीतरी येते. ठाऊक नसेल तर गॅसचा भडका आहे. तो आमच्या घरीही महिन्यातून एकदा होतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पाणी अंगावर घेऊन आम्ही पूल ओलांडून पश्चिम काठाला उतरलो. पुलाच्या अगदी पायथ्याशी, ड्रॅगनच्या शेपटीला हात लागेल अशा जागी, एक पिवळट रंगाची बैठी देखणी इमारत आहे. समोर चाफ्याची झाडे. आत अंधार, फाटक बंद. “हे काय?” कोणीतरी विचारले. “म्युझियम,” टूर मॅनेजर म्हणाला, “पाचला बंद होतं. तसंही काही विशेष नाही, जुन्या मूर्त्या आहेत.”

जुन्या मूर्त्या! दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी डोंगरावरचा सोन्याचा पूल पाहायला गेली. तो पूल २०१८ साली बांधला. दगडाचे भासणारे दोन अजस्र हात त्याला उचलून धरतात, आणि ते हात जाळीचे व फायबरचे आहेत. मी डोकेदुखीची सबब सांगून मागे राहिलो आणि सकाळी त्या पिवळ्या इमारतीत गेलो. हे चाम शिल्पांचे संग्रहालय. १९१९ साली फ्रेंचांनी ते लोकांना खुले केले. आत शिरलो तर काय पाहतो, सगळी आपलीच माणसे! शिव आहे, विष्णू आहे, ब्रह्मा आहे, नंदी आहे. एका दालनात गणपती आहे, आणि तो उभा आहे. सातव्या-आठव्या शतकातला, हातात खाऊची वाटी. आपल्याकडे बाराशे वर्षांत तो बहुधा बसूनच राहिला. इथे समुद्रापार जाऊन बिचारा उभा. त्याच्यासमोर दुसरे कोणी नव्हते. एक रखवालदार होता, त्याने मला खुणेने पंखा लावून दिला.

या भागात हजार वर्षांहून अधिक काळ चंपा नावाचे राज्य होते. राजांची नावे वाचा: भद्रवर्मन, इंद्रवर्मन, हरिवर्मन, जयसिंहवर्मन. राजधान्यांची नावे सिंहपूर, इंद्रपूर. शिलालेख संस्कृतात. भद्रवर्मनाने मी सन नावाच्या डोंगरकुशीत भद्रेश्वराचे देऊळ उभारले, आणि पुढे शतकानुशतके तिथे विटांची देवळे उठत राहिली. १९६९ साली अमेरिकेच्या बाँबफेकीत त्यांतले सर्वांत देखणे देऊळ पडले. १९९९ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. आणि अलीकडे आपल्याच पुरातत्त्व खात्याची माणसे तिथे पाच वर्षे विटांवर वीट जुळवत होती. २०२० च्या मे महिन्यात त्यांना खोदताना नवव्या शतकातले एकसंध दगडाचे शिवलिंग सापडले. १ जुलै २०२५ पासून शेजारचा प्रांत दानांगमध्ये विलीन झाला, त्यामुळे मी सन आता कागदोपत्री दानांग शहरातच मोडते. म्हणजे ‘शहरदर्शन’ म्हणून पैसे घेणाऱ्याला आता सबबही उरलेली नाही.

यात गोड गोड काही नाही, हेही सांगितले पाहिजे. चंपा बुडाले ते याच व्हिएतनामी राजांच्या दक्षिणेकडच्या स्वाऱ्यांनी. १४७१ मध्ये त्यांची राजधानी पडली. चाम लोक आज अल्पसंख्य म्हणून दक्षिणेत राहतात; त्यांतले काही अजून शिवाच्या देवळात जातात, काही मुसलमान आहेत. त्रान हुंग दाओच्या गोष्टीवर टाळ्या वाजवायच्या तर ही गोष्टही ऐकावी लागते. मोबाइलवरच्या मजकुरात दुसरी बाजू नसते, म्हणून तो इतक्या लवकर पुढे जातो.

गंमत बघा. ज्या शहरात आपला काडीचा संबंध नसलेला मावळा आम्ही शोधत होतो, त्याच शहरात आमचा खराखुरा गणपती पुलाखाली अंधारात उभा होता, आणि आम्ही तिकडे पाठ करून ड्रॅगनबरोबर सेल्फी काढत होतो.

दोष त्या मुलीचा नाही. टूर मॅनेजरचाही फारसा नाही. तो म्हणाला ते खरेच होते: “सर, म्युझियम ठेवलं तर लोक म्हणतात पैसे वाया. आणि जेवायला पंधरा मिनिटं उशीर झाला तर तक्रार थेट ऑफिसात जाते.” जेवणाचेच बघा. आम्हाला रात्री दहा वाजता पनीर बटर मसाला आणि नान मिळाले. त्या हॉटेलच्या शेजारीच एक बाई फुटपाथवर तव्यावर बान्ह झेओ घालत होती. तांदळाच्या पिठात हळद कालवून, आत कोळंबी आणि मोड आलेले मूग घालून केलेले कुरकुरीत घावन. ‘झेओ’ म्हणजे तव्यावर पीठ पडताना होणारा चर्र आवाज. मालवणच्या माणसाने डोळे मिटून खाल्ले तर त्याला आजी आठवेल. आमच्यातल्या दोन मालवणकरांनी नाकाला रुमाल लावला, कारण शेजारी माशांच्या सॉसची वाटी होती. सुकटीच्या देशातले लोक हे!

बसमध्ये परतताना अभिप्रायाचे कागद वाटले गेले. गाईडला दहापैकी गुण द्यायचे होते. काकांनी विचार करून सहा दिले. “मुलगी चांगली आहे हो,” ते मला म्हणाले, “पण शिवाजी महाराज माहीत नाहीत म्हणजे अभ्यास कमीच.” मी दहा दिले, ते ओहोटीचे.

कागद गोळा करत ती काकांपाशी आली आणि थांबली. पेन पुढे करून तिने विचारले की ते मघाचे नाव कसे लिहितात, तिला घरी जाऊन वाचायचे आहे. काकांनी चष्मा लावला, आपल्याच अभिप्रायाच्या पाठीवर मोठ्या ठसठशीत अक्षरांत नाव लिहिले, खाली जन्माचे आणि निधनाचे वर्षही लिहिले, आणि तिला दोन चकल्या दिल्या.